पेटीवरचा शिपाई

चन्नम्माला बँकेत सगळे मावशी म्हणायचे, आणि तिथंच सगळं नासलं होतं. मावशी म्हटलं की बाईला काहीही सांगता येतं. चहा आणा, गाडी पुसा, साहेबांच्या पोरीला शाळेतून घेऊन या. उमरग्याच्या त्या सहकारी बँकेत शिपायाच्या नोकरीत एकोणीस वर्षं तिनं हे सगळं निमूट केलं. पण एक काम तिनं कुणाच्या भिडेखातर कधी सोडलं नाही. रोकडीची पेटी गाडीतून उतरली की ती तिजोरीच्या खोलीत जाईपर्यंत चन्नम्मा पेटीपासून हलायची नाही.

ही खोड तिच्या अज्जाची. शांतलिंग अज्जा निजामाच्या राज्यात इथल्याच कचेरीत शिपाई होता, पितळी बिल्ल्याचा. नातीला मांडीवर घेऊन सांगायचा, शिपाई म्हंजी फौजेतला गडी. फौज मोडली तसा शिपाई सरकारी खजिन्याच्या पहाऱ्याला आला, खजिन्यावरनं कचेरीत आला. पुढं कचेरीतून बँकेत आल्यावर त्याच्या हातातली काठी काढून किटली कुणी दिली, ते बघायला अज्जा उरला नाही, बरंच झालं. एकदा नळदुर्गाजवळ वसुलीची पेटी नेणाऱ्या गाडीचं चाक मोडलं, तेव्हा तहसीलदारानं त्याला पाय चेपायला बोलावलं होतं. अज्जा पेटीवरून उठला नाही. महिन्याचा पगार गेला, तरी म्हातारा ती गोष्ट मिशीला पीळ देत सांगायचा.

त्या सोमवारी बँकेचा बंदूकवाला रजेवर होता. पेटी हॉलमध्ये येऊन टेकली, तर तिजोरीच्या खोलीचं कुलूप काही केल्या उघडेना, आणि वर पेन्शनवाल्यांची ही गर्दी. कॅशियर चंद्रप्रभाबाई किल्लीशी झटत होत्या. तेवढ्यात मॅनेजर दिग्विजय साहेब केबिनमधून बाहेर आले. वय चन्नम्माचं लेकरू शोभावं एवढं, बोलणं साखरेचं. घरी मेव्हणे आलेत, मावशी, जरा जाऊन चार भाकरी थापून या, म्हणाले. चन्नम्मानं पदर खोचला आणि सरळ पेटीवर बसली. पेटी आत गेल्याशिवाय उठणार नाही, म्हणाली. साहेबांनी दुसऱ्यांदा सांगितलं, तिसऱ्यांदा आवाज चढवला. बाई ढिम्म हलली नाही. अर्ध्या तासानं कुलूप उघडलं, पेटी आत गेली, मगच ती उठली. पण चारचौघांत साहेबांचं नाक कापलं गेलं ते गेलंच.

दुसऱ्या दिवशी मेमो आला. हुकूम मोडल्याबद्दल लेखी माफी द्या, नाहीतर परंड्याला बदली. उमरगा जिल्ह्याच्या एका टोकाला, परंडा दुसऱ्या. रिटायर व्हायला दोन वर्षं उरलेली, घरी आंधळी सासू, आणि तिच्या तोंडात घास घालायला चन्नम्माशिवाय कुणी नाही. हे साहेबांना चांगलं ठाऊक होतं. मेल्यानं नेमकी दुखरी नस धरली होती.

क्लार्क बब्रुवाननं माफीचा कागद तयारच करून आणला. माणूस वाईट नव्हता. सही कर आणि मोकळी हो, पाण्यात राहून माशाशी वैर कशाला, असं त्यानं परोपरीनं समजावलं. चन्नम्मानं कागद कमरेला खोचला आणि घरी जाऊन सासूला वाचून दाखवला.

"माझ्यापायी सही करू नगं," म्हातारी म्हणाली. "मला काय, हितं बी अंधार आन् तितं बी अंधारच."

चन्नम्माला रडू कोसळलं. रडून झाल्यावर तिला लई हलकं वाटलं.

सकाळी तिनं तो कागद साहेबांच्या टेबलावर ठेवला, सही न करता. साहेब पुन्हा गोड झाले. मावशी, हट्ट कशाला करता, म्हणाले.

"मावशी घरी म्हना, सायेब. हितं म्या शिपाई हाय. पेटी सोडून भाकरी थापाय गेले न्हाय, त्याची माफी म्या मागणार न्हाय."

साहेबांनी दातओठ खात बदलीच्या कागदावर सही ठोकली. परंड्यात तुम्हाला कुत्रंही विचारणार नाही, असं वर सुनावलंही. चन्नम्मानं कागद उजेडाला धरून स्वतःचं नाव आणि पद नीट वाचून घेतलं. मग घडी घातली.

"परंड्याला किल्ला हाय म्हनं," ती म्हणाली. "त्या गावाला शिपायाची वळख असंल."