कासऱ्यातला काठ

"पेटीला हात लावू नगंस," सासूबाई भाकरी थापता थापता ओरडल्या.

"आई, बैलाच्या एका कासऱ्यासाठी किती गं! दादांच्या हातचं दुसरं काय उरलंय आपल्याकडं?" माझी नणंद उत्कर्षा दारातूनच म्हणाली.

"न्यायचा न्हाई म्हन्ले ना."

"पण का?"

सासूबाईंची भाकरी मात्र हातातच फाटली.

मार्केट यार्डामागं आमचं दोन खोल्यांचं बिऱ्हाड. उत्कर्षा अंबाडीच्या धाग्यांचा वाख, चिंध्या, सुतळी घेऊन गावाच्या आठवणी विणते. सदाशिव पेठेत तिचं पहिलं प्रदर्शन होतं. पोरगी कडेवर घेऊन मी उत्कर्षाच्या बाजूनं बोलत होते. दुपारी सासूबाई दळण आणायला गेल्या आणि पेटीची चावी मीच तिच्या हातात दिली. दादांच्या, म्हणजे सासऱ्यांच्या हातचं काम प्रदर्शनात दिसावं, एवढंच मनात होतं.

प्रदर्शनात कासरा पांढऱ्या भिंतीवर टांगला होता, मधूनमधून हिरवा काठ चमकत होता. लेकीचं काम बघायला आलेल्या सासूबाई तो बघून जागच्या जागी थबकल्या.

"खाली काय लिव्हलंय गं?"

मी वाचलं, "बायकोच्या लुगड्याचा काठ बापानं प्रेमानं कासऱ्यात वळला."

त्या हसल्या. तसलं हसू मी कधी बघितलं नव्हतं.

"ह्याच कासऱ्यानं मारायचा. एकदा मारता मारता लुगडं फाटलं. तर पीळ उकलून त्यो काठ आत घातला नि परत वळला. म्हन्ला, रोज दिसंल तुला. त्यो मेला त्या दिशी खुंटीवरून काढून मी पेटीत कोंडला. बाहेर ऱ्हायला असता तर उद्या कुनीतरी हातात घेतला असता."

मी उत्कर्षाला कोपऱ्यात ओढून सगळं सांगितलं. म्हटलं, "आत्ताच्या आत्ता उतरव."

तिचे डोळे भरले. मग ते चमकायला लागले.

"वहिनी, हे आधी का नाही सांगितलं तिनं? हे किती खरं आहे!"

पाच मिनिटांत तिनं पाटी बदलली, 'ह्याच कासऱ्यानं बाप आईला मारायचा.' गर्दी तिथंच गोळा झाली. शनिवार पेठेतल्या निवृत्त शिक्षिका कुसुमताई चष्मा सावरत पुढं आल्या.

"आपणच का त्या? अहो, वळ अजून आहेत? आपली हरकत नसेल तर, पाठमोऱ्या उभ्या राहाल? फोटोत चेहरा येणार नाही."

मी लेकराला छातीशी घट्ट धरलं. उत्कर्षा म्हणाली, "आई, राहा ना, एक मिनिट."

सासूबाईंनी लेकीकडं बघितलं. खूप वेळ बघितलं. मग कासरा भिंतीवरून काढला, जमिनीवर मांडी घातली, टोक पायाच्या अंगठ्यात धरलं आणि पीळ उलटा फिरवायला लागल्या. सगळ्यांनी मोबाईल वर केले.

"वा! कसं करतात ते दाखवताहेत," कुणीतरी कुजबुजलं.

वीतभर सुटला, हातभर सुटला. पुढ्यात वाखाचा ढीग वाढत गेला, तेव्हा कुठं उत्कर्षाच्या ध्यानात आलं.

"आई, थांब! अगं, तो एकच आहे!"

ती धावली, तर कुसुमताईंनी तिचाच दंड धरला.

"थांबा हो! त्यांचं पूर्ण होऊ द्या."

शेवटचा पेड सुटला तशा टाळ्या पडल्या. सासूबाईंनी ढिगातून हिरवा काठ तेवढा वेचून घेतला, मांडीवर सरळ केला आणि कमरेला खोचला.