गणपतरावांचा हत्ती

वर्षिणीच्या खापरपणजोबांनी, म्हणजे गणपतरावांनी, दसऱ्याच्या मिरवणुकीत बिथरलेला हत्ती नुसत्या हाकेनं थांबवला होता. तिचे आजोबा संताजीराव ही गोष्ट कानडी मुलखातल्या त्यांच्या मराठी समाजाच्या मेळाव्यात दरवर्षी सांगत आणि हत्ती दरवर्षी वीतभर उंच होई. यंदा घसा बसला म्हणून त्यांनी गोष्ट नातीच्या हवाली केली. आठवीपर्यंत वर्गात हात वर करायला घाबरणारी ही पोरगी दहावीत आल्यापासून दुसऱ्या कुणाला बोलूच देत नव्हती, त्यामुळे हरकत कुणाची नव्हती.

हरकत निघाली ती वर्षिणीचीच. सरस्वतीपुरममध्ये त्यांच्या घरासमोर नसीमा मॅडम राहत, मानसशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापक. त्यांच्याकडे पुस्तकांची दोन कपाटं होती. एक त्यांचं आणि एक त्यांच्या वडिलांचं, ज्यांनी जन्मभर मदरशात हदीस शिकवली. सुट्टीत वर्षिणीनं दोन्हींतल्या इंग्रजी पुस्तकांचा फडशा पाडला. वडिलांच्या कपाटातून तिला कळलं, की पैगंबरांचं वचन म्हणून कुणी काही सांगितलं, तर जुने विद्वान आधी विचारत, तू कुणाकडून ऐकलंस, आणि त्यानं कुणाकडून? मग त्या साखळीतला एकेक माणूस दोनदा पारखत. तो सचोटीचा आहे का, हे एक. त्याची आठवण पक्की आहे का, हे वेगळं. मॅडमच्या कपाटानं वर भर घातली, की आठवण काही पेटीत जपलेला शालू नव्हे. काढावी तेव्हा ती नव्यानं विणली जाते.

झालं, वर्षिणीनं हत्तीची साखळी धरली. आजोबांनी गोष्ट खुद्द गणपतरावांच्या तोंडून ऐकली होती खरी, पण सहाव्या वर्षी. तेव्हा शेजारी बसून ऐकणारी, चौदा वर्षांची त्यांची थोरली बहीण, सीतालक्ष्मीआजी, देवराज मोहल्ल्यात अजून खणखणीत होती. वर्षिणी तिच्याकडे गेली. गोष्ट ऐकून तिनं कपाळाला हात लावला. तिच्या मराठीत कानडी मिसळलेली असे.

“थांबवला कुठला ग? मागचा एक हत्ती रस्त्यात बसला, तो उठेना. सगळी मिरवणूक पुढं गेली. आमचे अज्जा तेवढे त्याच्यापाशी बसून राहिले, ऊस भरवत. दिवे लागले तेव्हा उठला. संताजी सुम्ने, उगाच फुगवून सांगतो, अल्वा? हो की नाही?”

वर्षिणी पेचात पडली. खरं सांगावं तर भर सभेत आजोबांची मान खाली, आणि न सांगावं तर एवढं वाचलं ते कशाला? मेळाव्याच्या सकाळी आजोबा मिठाच्या गुळण्या करत होते, तेव्हा तिनं धीर करून सगळं सांगून टाकलं.

आजोबांनी तांब्या खाली ठेवला. “म्हणजे चाळीस वर्षं मी खोटं बोललो?”

“नाही आजोबा. माणूस सचोटीचाच आहे. आठवण तेवढी कच्ची निघाली.”

ते गुळण्या अर्ध्यावर टाकून निघाले. सभागृहात जाऊन मागच्या रांगेत बसले.

वर्षिणीनं माइक धरला आणि आधी साखळी सांगितली. कुणी, कुणाकडून, कितव्या वर्षी ऐकलं ते सगळं. मग बसलेला हत्ती सांगितला आणि मिरवणूक सोडून त्याच्यापाशी थांबलेला माणूस सांगितला. हाक मारून हत्ती थांबवणं एका क्षणाचं काम, ती म्हणाली, पण दिवे लागेपर्यंत त्याच्या शेजारी बसून राहायला गणपतरावच हवेत. एवढं बोलताना तिचा आवाज एकदाही कापला नाही.

सगळ्या माना मागं वळल्या. संताजीराव सावकाश उठले.

“साखळीतली कच्ची कडी मी,” ते बसलेल्या आवाजात म्हणाले. लोक हसले. हसू विरेपर्यंत ते थांबले. “आणि पक्की कडी माइकपाशी उभी आहे. नात आहे माझी.”

वर्षिणीला वाटलं, आपणच वीतभर उंच झालो.

पुढचा नंबर गंगाधररावांचा होता. ते आपल्या पणजोबांच्या तलवारीची गोष्ट सांगायचे. त्यांनी एकदा वर्षिणीकडे पाहिलं, आणि आधी पाणी मागवलं.