उलट्या अर्थिंगची मोटार

मित्रांनो, मी एक जुनी मोटार आहे आणि मला त्याची लाज वाटत नाही. ज्यांना वाटायची, ते सगळे माझ्याआधी भंगारात गेले.

माझा जन्म चोपन्न सालचा, उत्तरेकडच्या एका कारखान्यातला. आयुष्य मात्र गेले क्युबातल्या सान्तियागोच्या चढउतारांवर. पहिला मालक डॉक्टर होता. तो माझ्या टपाला मेण लावायचा. दुसरा त्याच टपावर डुकरे बांधायचा. तिसरा एउदाल्दो. त्याने माझी टॅक्सी केली, रशियन मोटारीची बॅटरी आणि डायनॅमो बसवला, आणि आम्ही वर्षानुवर्षे बोनियातोचा घाट चढलो. एका खेपेला आठ माणसे आणि केळ्यांचे घड! टंचाईच्या वर्षांत माझ्या पोटातल्या तारा कुजल्या, तेव्हा त्याला एका बंद साखर कारखान्यातून वायरचे एकच भेंडोळे मिळाले. तांबडे. म्हणून माझी प्रत्येक तार तांबडी आहे. कुठली कशाची, हे एउदाल्दोला पाठ होते. तो गेला आणि पाठांतरही गेले.

आता त्याची बायको सोराइदा मला चालवते. माझ्या इंजिनाला ठिणगी पुरवणारे पॉइंट झिजले होते. घाटाच्या तिसऱ्या वळणावर मी थांबायचे. ती उतरून नखांच्या कानशीने पॉइंट घासायची. तेवढ्या वेळात प्रवासी राजकारण सोडून बाकी सगळ्यावर बोलायचे.

एके सकाळी तिचा दीर एव्हेरार्दो गिऱ्हाईक घेऊन आला. एव्हेरार्दो रेडिओ दुरुस्त करतो. गिऱ्हाईक हवानाचे, नाव लिसांद्रो. माझे इंजिन काढून तो डिझेलचे बसवणार होता, मला गुलाबी रंग देणार होता आणि टप कापून परदेशी पाहुणे फिरवणार होता. हे सगळे तो माझ्या तोंडावर बोलला.

"वहिनी, हिच्यात आता दम नाही. देऊन टाका," एव्हेरार्दो म्हणाला.

"भावजी, तुमच्या रेडिओवर कधी चांगली बातमी लागली नाही. म्हणून कुणी रेडिओ विकला का?"

तिने एक छोटी डबी पुढे केली. अमेरिकेत टाम्पाला राहणाऱ्या तिच्या लेकीने साबणाच्या वड्यांसोबत ती पाठवली होती. ही डबी पॉइंटच्या जागी बसते आणि झिजत नाही.

"ही बसवा. गाडी न थांबता घाट चढली तर विकणार नाही. थांबली, तर किल्ली तुमची, लिसांद्रो साहेब."

एव्हेरार्दोने डबी बसवली. सोबतच्या कागदावर लिहिले होते: काळी तार गाडीच्या अंगाला, तांबडी किल्लीकडून येणाऱ्या तारेला. आता माझ्या तांबड्या जंगलात किल्लीची तार शोधायची कशी? त्याने मीटर लावला. काटा उलटा पळाला. दुसरी तार, तिसरी तार, काटा उलटाच.

"मीटर गेला," म्हणत त्याने मीटरला चापट मारली आणि अंदाजाने तारा जोडल्या.

फट्! सोराइदाने हट्टाने मधे घालायला लावलेला फ्यूज उडाला. लिसांद्रोने खिशातून रंगांचे कार्ड काढले.

सोराइदाने मीटर उचलून टॉर्चच्या सेलला लावला. काटा सरळ गेला.

"मीटर शहाणा आहे, भावजी. गाडीच उलटी आहे."

ती माझ्या बॅटरीवर वाकली. बॅटरीची अधिक बाजूची जाड तार सरळ माझ्या अंगाला बांधलेली! इतर मोटारींच्या अंगाला वजा बाजू असते. माझ्या जन्माच्या वेळी आमच्या घराण्यात अशीच रीत होती. कोणी विचारले नाही, मीही सांगितले नाही.

"मग डबी उलटी जोडू?"

"डबीला हात लावू नका. बॅटरी फिरवा."

बॅटरी फिरली. ठिणगीच्या कॉइलच्या दोन तारांची अदलाबदल झाली. डायनॅमोला तारेचा क्षणभर स्पर्श करून नवी दिशा शिकवली. बॅटरीचा बारीक खुंटा मोठ्या पकडीत सैल बसू लागला, तेव्हा सोराइदाने मासे धरायच्या गळाचे शिसे ठोकून पातळ केले आणि त्याला गुंडाळले. नवा फ्यूज घातला, किल्ली फिरवली. मी पहिल्याच हाकेला उठले. तेव्हापासून माझ्या फळीवरचा चार्जिंगचा काटा उलटे दाखवतो. मला तो आवडतो.

मग आठ माणसे भरली. लिसांद्रो मागे, कुणाच्या तरी मांडीवरच्या कोंबडीशेजारी. तिसरे वळण आले. सगळे पुढे वाकले. कोंबडीसुद्धा! वळण मागे पडले. माथ्यावर सोराइदाने इंजिन चालूच ठेवून दार उघडले.

"उतरा, साहेब. हवानाची बस खालून सुटते. नशीब असेल तर उभं राहायला मिळेल."

"मी म्हणतच होतो, वहिनी," पुढच्या सीटवरून एव्हेरार्दो म्हणाला.

मित्रांनो, जुन्या वस्तूला नवे औषध जरूर द्या. मी आनंदाने घेतले. पण ती जगापेक्षा उलटी चालते, एवढ्यावरून तिला बाजार दाखवू नका. आधी वाकून बघा, जाड तार कुठे बांधली आहे. तेवढे केलेत तर आम्ही तुम्हाला माथ्यावर नेऊ. न बघता कात्री चालवलीत, तर बंद पडणे हा आमचाही हक्क आहे, आणि तो आम्ही बजावू.