जुनी रिंग

लाकूड फोडायच्या यंत्राची पाचर ओंडक्यात शिरली मात्र, फिल्टरच्या कडेने ऑइलची चिळकांडी उडाली.

"बंद कर! नेव्हिल, बंद कर ते!" मी ओरडले.

त्याने इंजिन बंद करेपर्यंत बरंच ऑइल आमच्याकडच्या जुलैच्या कडाक्यात, गोठलेल्या दवाने पांढऱ्या पडलेल्या गवतावर सांडलं होतं. माझा नवरा डोक्यापासून बुटांपर्यंत माखला होता.

"फिल्टरच भिकार दिला मेल्याने," तो दुकानदारावर घसरला.

नवरा चिडला की आधी गप्प बसायचं, एवढं मी बेचाळीस वर्षांत शिकले आहे. पट्ट्याचा पाना लावून मीच फिल्टर काढला. यंत्राच्या बाजूला जुन्या फिल्टरची रबरी रिंग तशीच चिकटलेली होती. तिच्यावरच त्याने नवा फिल्टर चढवला होता. रबरावर रबर बसलं की दाब आला रे आला, ते सटकतं.

हे मला यानेच शिकवलं. जुना फिल्टर काढला की बसायच्या जागेवरून बोट फिरवायचं, कारण काळ्या लोखंडावर काळं रबर दिसत नाही. मग नव्या रिंगला ऑइल चोळायचं, हाताने आवळायचं, टेकल्यावर पाऊण फेरा. आमच्या हुऑन खोऱ्यातल्या निम्म्या लाकूडवाल्यांना त्याने हे शिव्या घालून शिकवलं आहे.

"बोट फिरवलं नाहीस?"

"फिरवलं."

"मग?"

"फिरवलं म्हणतोय ना, थेल्मा!"

तो खोटं बोलत नव्हता. म्हणूनच मी त्याच्या हातातला भिजलेला हातमोजा ओढून काढला.

"डोळे मीट."

"आता हा काय पोरखेळ?"

"मीट म्हणते ना."

यंत्रावरची जुनी रिंग उचकटून मी त्याच्या बोटांवर ठेवली. "काय आहे?"

"चिंधी."

रिंग काढून घेतली. हात रिकामा. "आता?"

"आता रिंग," तो ठामपणे म्हणाला.

चाळीस वर्षं थरथरती करवत धरून बधिर झालेली बोटं ती. थंडीत पांढरी पडायची, आणि मी आपली लोकरीचे हातमोजे विणत बसले. माझाच मला राग आला.

"कधीपासून?"

"गेल्या हिवाळ्यापासून."

"आणि बोलला नाहीस?"

"बोललो असतो तर तू यंत्रावरून हाकललं असतंस."

"हाकललंच असतं! पाचरेला ओंडका काय नि तुझा हात काय!"

"मग मी काय करू? खिडकीत बसून तुझ्या कोंबड्या राखू?"

मी जागा पुसली, बोट फिरवलं, नव्या रिंगला ऑइल चोळलं आणि तोच फिल्टर पुन्हा बसवला.

"पाऊण फेरा," तो म्हणाला.

"माहितीये."

ऑइल भरलं. इंजिन सुरू करून थोडा वेळ पाहिलं, गळत नव्हतं. सवयीने त्याचा हात पाचर चालवायच्या दांड्याकडे गेला. मग तो आपणहून बाजूला झाला.

"ये. तू धर."

ऑइलने भिजलेले हातमोजे तसेच टाकून, उघड्या हातांनी तो मी फोडलेली लाकडं गाडीत रचू लागला. पाच-सहा ओंडके झाले असतील. रचलेल्या लाकडांवर मला लाल डाग दिसले. त्याच्या तर्जनीत बोटभर कुसळ आरपार रुतलं होतं, मनगटापर्यंत रक्त ओघळलं होतं, आणि तो मान तिरकी करून ओळ न्याहाळत होता.

"सरळ लागतीये ना गं?"

"अगदी सरळ," मी म्हणाले आणि इंजिन बंद केलं.