पोत्याच्या तळाची मूठ

आमच्या गावात शाळा दोन, आणि दोन्हींच्या मधे आमचं भुसाराचं दुकान. डाव्या हाताला जिल्हा परिषदेची, पत्र्याची. उजव्या हाताला सोसायटीची, म्हणजे सेवा सोसायटीच्या पंचांनीच संस्था काढून बांधलेली, रंगीत कमानीची. सोसायटीचे चेअरमन माझे सासरे धोंडप्पा, घरात आमचे अप्पा. तेव्हा माझी अंजना कुठल्या शाळेत जाणार, हे तिच्या बारशालाच ठरलं होतं. मला कुणी विचारलं नाही, आणि खरं सांगायचं तर मीही त्या कमानीवर भाळले होते.

त्या दुष्काळी उन्हाळ्यात टँकरशिवाय पाणी नव्हतं. कुठल्या गल्लीची पाळी कधी, हे ग्रामपंचायतीच्या फळ्यावर सकाळी लिहून ठेवायचे. एक दिवस मी रोजच्यासारखं अंजनाला बघायला पाठवलं. ती येऊन म्हणाली, आपली पाळी उद्या. दुपारी शेजारणी भरल्या घागरी घेऊन दारावरून गेल्या, तेव्हा कळलं की पाळी आजच होती. मी पोरीला फैलावर घेतलं, तर ती रडत म्हणाली, आज फळ्यापाशी छबू नव्हती, म्हणून अंदाजानं सांगितलं.

छबू म्हणजे ऊसतोडीला जाणाऱ्या बंकटची मुलगी, परिषदेच्या शाळेतली. रोज तीच अंजनाला फळा वाचून दाखवायची. माझी मुलगी तिसरी पास झालेली, पहिल्या बाकावर बसणारी, संमेलनात बक्षीस घेणारी, आणि तिला आपल्या गल्लीचं नाव वाचता येत नव्हतं. माझं डोकंच फिरलं.

दुष्काळ जाहीर झाला की सुट्टीतही शाळेत खिचडी शिजते. मी काहीतरी निमित्त काढून दोन्हीकडं जाऊन बसले. सोसायटीच्या शाळेत पोरं यायची, खायची आणि घरी जायची. परिषदेच्या शाळेत मुक्ताबाई खिचडी चुलीवर चढली की पोरांना वाचायला बसवायच्या, आणि शिजेपर्यंत उठू द्यायच्या नाहीत. अर्धं वर्ष कारखान्यावर आईबापाबरोबर कोपीत, पाचटाच्या झोपडीत, राहून आलेली छबू शेवटच्या रांगेत अडखळत वाचत होती. बाई थांबल्या होत्या. तिचं वाक्य पुरं होईपर्यंत बाकीची भुकेली पोरंही थांबली.

संध्याकाळी अप्पा जेवायला बसले तेव्हा मी स्वयंपाकघराच्या दारातून सांगितलं की अंजनाचा दाखला काढायचा आहे. माझ्या नवऱ्याचा, वैजिनाथचा, घास हातातच राहिला. अप्पा ओरडले नाहीत, ते ओरडणाऱ्यातले नव्हेत. आपल्या शाळेचे बूट, टाय, संगणकाची खोली, सगळं त्यांनी शांतपणे मोजून दाखवलं. चेअरमनची नात पत्र्याखाली बसली तर उद्या सोसायटीच्या मीटिंगला कुठल्या तोंडानं जायचं, असंही विचारलं. सासऱ्यासमोर सुनेनं उलट बोलायची आमच्या घरात रीत नाही. मी पदर सावरला आणि बोलले.

"अप्पा, तुमी पोत्याच्या तोंडावरची ज्वारी बघून कधी माल घेतला का? कोपरापर्यंत हात घालून तळाची मूठ काढता. मग शाळाच का म्हनून कमानीवरून घेता?"

अप्पा ताटावरून उठले. वैजिनाथनं माझ्याकडं असं पाहिलं, जणू मला आता दिंद्रुडला माहेरी धाडणार. जावं लागलं तर जाईन, पण पोर त्या बाकावर परत बसणार नाही, एवढं मी ठरवून टाकलं होतं.

सकाळी अप्पांनी टोपी घातली, अंजनाचा हात धरला आणि मला मागं यायला सांगितलं. आधी आपल्या शाळेत गेलो. हेडमास्तर मोहनराव लगबगीनं पुढं आले. सगळ्यात मागं असलेल्या पोराला वाचायला लावा, असं अप्पा म्हणाले. मोहनरावांनी शाळेतला सगळ्यात हुशार पोरगा उभा केला. अप्पांच्या कपाळाला आठी पडली. व्यापाऱ्यांनी चांगला माल वरती पसरून त्यांना फसवायचा प्रयत्न जन्मभर केला होता.

मग त्यांनी अंजनालाच पुस्तक दिलं. मोहनरावांनी पहिला शब्द सांगितला आणि अंजनानं सगळा धडा घडाघडा म्हटला. अप्पांचा चेहरा फुलला. मग ते वाकले. पोरीचं बोट भलत्याच ओळीवर होतं. त्यांनी पान उलटलं, तरी अंजना तोच धडा म्हणत राहिली.

"हे तुमाला ठाऊक होतं?" अप्पांनी विचारलं.

मोहनरावांनी अंजनाच्या हातातलं पुस्तक मिटलं. "चेअरमनसाहेब," ते म्हणाले, "तुमच्या नातीबद्दल तुमाला कोण सांगणार?"

अप्पांचं तोंड उतरलं. मला त्यांची कीव आली. पण समजूत घालायला गेले असते तर माझाच निश्चय ढिला पडला असता.

तिथून आम्ही रस्ता ओलांडून पत्र्याच्या शाळेत गेलो. चेअरमन दारात बघून मुक्ताबाई उठल्या आणि पुढच्या रांगेतली पोरं सरकवून जागा करू लागल्या.

"पुढं नको, बाई," अप्पा म्हणाले. "शेवटी बसवा, छबूच्या बाजूला. दिवाळीच्या आधी मी येणार हाय, आन मूठ तळातूनच काढणार हाय."

छबूनं सरकून जागा दिली. अंजना खाली मान घालून बसली. छबूनं तिचं बोट धरलं आणि पहिल्या शब्दाखाली नेऊन ठेवलं.

खिचडी शिजायला वेळ होता. अप्पा दारातच उभे राहिले, आणि त्या दिवशी आमचं दुकान दुपारी उघडलं.