पडद्यामागचा लांडगा

सिरवार्तने पेन्सिल खाली ठेवली आणि हात वर केला.

“ती शेवटची ओळ पुन्हा वाजवायला सांगा.”

“पुन्हा?” शेजारी बसलेला फौझी वैतागला. “अगं, दोनदा झाली की! आता काय त्या पोराला रडवणार आहेस?”

“पोरगा आहे की पोरगी, तुला काय ठाऊक?”

ठाऊक नव्हतंच. समोर काळा पडदा होता. वाद्यवृंदात एका चेलोवादकाची जागा रिकामी होती, आणि निवडीच्या वेळी पंचांना उमेदवार दिसता कामा नये, असा नियम होता. टाचांच्या आवाजावरून बाई ओळखू येऊ नये म्हणून सगळ्यांना जोडे बाहेर काढायला लावत. नापास झालेला मागच्या दारानेच निघून जाई. त्याचं तोंड पंच कधीच पाहत नसत.

ओळ पुन्हा सुरू झाली. सिरवार्तने डोळे मिटले. तो लांबलेला सूर आला आणि मध्येच थरथरून फाटला. आतून गुरगुर ऐकू आली.

प्रत्येक चेलोत असा एखादा सूर असतोच. तिथे तारेचं आणि लाकडाचं पटत नाही. वाजवणारे त्याला लांडगा म्हणतात. त्या सुरावर, दोन गुडघ्यांमध्ये धरलेल्या चेलोची कड डाव्या गुडघ्याने दाबली की तो गप्प बसतो. हे प्रत्येक मास्तर शिकवतो. पडद्यामागचं माणूस मात्र दाबत नव्हतं.

सिरवार्तने डोळे उघडले. लांडगा प्रत्येक चेलोत वेगळ्या जागी असतो, आणि हा तिच्या ओळखीचा होता. बुर्ज हम्मूद वस्तीतल्या त्यांच्या स्वयंपाकघरात, आई द्राक्षाच्या पानांत भात भरत बसलेली असताना, तिचा थोरला भाऊ झावेन रोज संध्याकाळी सराव करायचा. “लांडगा आला गं!” असं म्हणून धाकट्या सिरवार्तला घाबरवायला तो ती गुरगुर मुद्दाम लांबवायचा, आणि मगच गुडघा दाबायचा. तेव्हा शहरात यादवी युद्ध चालू होतं. एका सकाळी तो तालमीला निघाला. वाटेतल्या चौकीवर बंदूकवाल्या पोरांनी टॅक्सी थांबवली, नाव विचारलं, नावावरून तो कोणत्या बाजूचा ते ताडलं आणि त्याला खाली उतरवलं. टॅक्सीवाल्याने घरी येऊन एवढंच सांगितलं. झावेन परत आला नाही, आणि त्याचा चेलोही नाही.

माणसाला कुठेही पुरता येतं, पण चांगलं वाद्य कोणी जाळत नाही, विकतं. या एका आशेवर सिरवार्त म्हातारी होत आली होती. दुसऱ्याचा चेलो समोर आला की आधी ती त्याची पाठ पाहायची, ओळखीची काही खूण सापडते का म्हणून.

पाच पंच होते. दोघांची मतं या उमेदवाराला पडली, आणि फौझी धरून दोघांची आधीच्या उमेदवाराला.

“तुझ्यावर आलंय,” फौझी म्हणाला. “यात विचार करण्यासारखं काय आहे? आधीचा कितीतरी सरस. याचा तर आवाज फाटतो.”

त्याचं खरं होतं. आधीच्या उमेदवाराचा हात इतका स्वच्छ होता की ऐकताना सिरवार्तला स्वतःच्या तरुणपणाचा हेवा वाटला होता. ती जागा त्याचीच होती. पण त्याला घेतलं तर हा दुसरा चेलो मागच्या दाराने निघून जाणार होता.

“हा,” ती म्हणाली. “आत्ता ज्याने वाजवलं तो.”

“तुझं तू जाणे बाई.”

मागचं दार उघडलं आणि मिटलं. कोणीतरी निघून गेलं. सिरवार्तला स्वतःची लाज वाटली, पण पडदा सरकू लागला होता आणि तिचं लक्ष तिकडे होतं.

अनवाणी पायांची एक सडपातळ मुलगी उभी होती. नाव लमीस. तिच्या हातातला चेलो नवाकोरा होता. त्याचं नारिंगी रोगण दिव्याखाली चकाकत होतं. तरीही सिरवार्त उठली, जवळ गेली आणि त्याच्या पाठीवरून तिने हात फिरवला.

“कुठून घेतलास?”

“बाबांनी गेल्या वर्षी दुकानातून आणला, मादाम. का? काही बिघडलंय?”

“नाही.” तिने हात मागे घेतला. “तो एक सूर गुरगुरतो. गुडघा दाबायला शिकवलं नाही कोणी?”

“शिकवलं ना. सर रोज ओरडायचे.” लमीस ओशाळली. “पण दाबलं की मला कसंतरीच होतं. कुणाचं तरी तोंड दाबून धरल्यासारखं. मग म्हटलं, ओरडू दे त्याला.”

“झालं!” फौझी मोठ्याने हसला. “एवढ्यासाठी निवडली होय हिला? सिरवार्त, तुला झालंय तरी काय आज?”

“मला वाटलं, माझ्या भावाचा चेलो आहे.”

“तुला भाऊ आहे? इतकी वर्षं शेजारी बसतोय, कधी बोलली नाहीस ती!”

“झावेन नाव त्याचं. तोही चेलो वाजवायचा. युद्धात, पुलाजवळच्या चौकीवर त्याला टॅक्सीतून उतरवलं. चेलोसकट.”

युद्ध संपल्यावर सगळ्या बाजूंची माणसं एकाच वाद्यवृंदात शेजारी शेजारी वाजवायला बसली होती. तेव्हा तू कुठे होतास, हे कोणी कोणाला विचारत नसे. विचारलं असतं तर एकत्र वाजवताच आलं नसतं. सिरवार्तनेही हा शिरस्ता आयुष्यभर पाळला होता.

ती फौझीकडे वळली.

“तू कुठे होतास रे तेव्हा?”

फौझीचं हसणं थांबलं. लमीस एकदा त्याच्याकडे, एकदा तिच्याकडे पाहत राहिली. बाकीचे पंच कागद आवरू लागले.

का विचारतेस, असं मात्र फौझीने विचारलं नाही.