साठ माणसं आणि सायराकानच्या तीन रोट्या

माझ्या मेंढीला एकदा जुळं झालं, एक कोकरू आणि एक कुत्र्याचं पिल्लू, आणि पिल्लाने डोळे उघडायच्या आत कळप राखायला घेतला, हे मी चाळीस वर्षं सांगत आलोय. तलासच्या खोऱ्यात मला यासाठीच ओळखतात. लग्नात वराच्या बापाआधी मला आमंत्रण असतं. सायराकानच्या अंगणातल्या त्या शुक्रवारचं मात्र कुणी मला विचारत नाही. विचारत नाहीत म्हणूनच सांगतो.

सायराकान तेव्हा सत्तरीची. नवरा ट्रॅक्टरखाली गेला, मुलगी मॉस्कोत फरश्या पुसते, आणि पाच वेळची नमाज तिने कधी चुकवली नाही. जीभ अशी की तिच्या अंगणातला कोंबडा आरवण्याआधी परवानगी मागायचा. तिच्या तंदूरची रोटी इतकी हलकी, की एकदा वाऱ्याने उचलली ती डोंगरापलीकडे कझाकांच्या अंगणात जाऊन पडली. तेव्हापासून ते म्हणतात, ही रोटी मुळात आमचीच.

तिच्या मागच्या खोलीत कोर्नेई राहायचा. जातीचा जर्मन, पण आजा इथेच पुरलेला, आणि स्वतः आमच्याच शाळेत आमच्याच पोरांचा मार खाऊन मोठा झालेला. सोव्हिएत राज्य मोडल्यावर सगळे जर्मन जर्मनीला गेले, त्यांच्याबरोबर हाही गेला. वीस वर्षांनी टक्कल आणि येशू घेऊन परत आला. रविवारी त्या मागच्या खोलीत अकरा माणसं जमून गाणी म्हणायची, आमच्या भाषेत, आमच्याच चालीवर. हेच गावाला झोंबलं. परक्या भाषेत परकी गाणी असती तर कुणी ढुंकूनही पाहिलं नसतं.

त्या अकरांत एर्निस होता, अब्दिराशितचा धाकटा भाऊ. अब्दिराशित चार वर्षं परदेशात धर्म शिकून आलेला. माणूस वाईट नव्हे. गावात नळ त्याने आणला, दारूचं दुकान त्याने बंद पाडलं. नळासाठी मी त्याला दुवा देतो, दुकानासाठी देत नाही. बाप गेल्यापासून एर्निसला त्यानेच वाढवलं होतं, आणि तोच पोरगा आता रविवारी वेगळ्या दारात चपला काढत होता. त्या दिवसापासून अब्दिराशितचा चेहरा दात दुखणाऱ्या माणसासारखा झाला.

उन्हाळ्यात कोर्नेईची गाडी जळली. मग खिडकीची काच फुटली, दोनदा. सायराकान दर वेळी नवी काच बसवायची आणि रस्त्यावर येऊन ओरडायची, "नेम चांगला आहे रे! घरात कशाला कुजताय, फौजेत जा!"

तो शुक्रवार राजमा काढायच्या दिवसांतला. नमाज झाल्यावर अब्दिराशित मशिदीच्या पायरीवर उभा राहिला आणि म्हणाला, आज त्या माणसाला गावाबाहेर काढायचं. मुल्ला इसाक जनाज्याला आणि लग्नाच्या पुलावाला सारख्याच ओढीने जाणारा माणूस. तो म्हणाला, "घाई काय आहे? आधी राजमा घरात येऊ द्या." कुणी ऐकलं नाही. शेतातून आलेल्यांच्या हातात दाताळी होतीच. माझ्याही होतं.

कोर्नेई आणि एर्निस नदीच्या पुलावर सापडले. पुलावर काय झालं ते मी पाहिलं नाही. मी मागे होतो, पुढे गर्दी होती. निदान घरी मी असंच सांगितलं. एर्निसने त्याला कसंबसं सोडवलं आणि खांद्यावर टाकून सायराकानच्या अंगणात नेलं. आम्ही मागोमाग. साठ जण. हा आकडा माझा नाही, पोरांनी फोनवर फोटो काढला होता त्यात मोजला.

दार उघडंच होतं. सायराकान तंदूरमध्ये कोपरापर्यंत हात घालून वाकलेली. मागे ओट्यावर कोर्नेई, डोक्याला तिचा रुमाल गुंडाळलेला. रुमाल सकाळी पांढरा असणार. एर्निस त्याचं डोकं दोन्ही हातांनी दाबून बसला होता.

"आपा, बाजूला व्हा," अब्दिराशित दारातून म्हणाला. "तुमच्याशी आमचं भांडण नाही."

"माझ्या अंगणात माझ्याशी नाही, तर कुणाशी? कोंबडीशी?"

"त्याला आमच्या हवाली करा. मारणार नाही, गावाबाहेर सोडून येऊ."

"पुलावर काय, पाठ खाजवत होतात त्याची?"

मागे दोघे-तिघे हसले आणि लगेच गप्प झाले. कोर्नेई भिंतीला धरून उठू लागला. "सायराकानआपा, जातो मी. माझ्यापायी तुम्हाला..."

"बस खाली! आला मोठा शहाणा. माझ्या घरातून कुणी कधी निघायचं, हे आता पाहुणा ठरवणार?"

तो बसला. आम्हीही दोन पावलं मागे सरलो. तिचा आवाज तसाच होता.

अब्दिराशितचा आवाज मात्र फाटला. "आपा, तुम्हाला कळत नाही. हा एर्निस माझा भाऊ आहे. उद्या मेला तर त्याला पुरायचं कुठे? अब्बाशेजारी जागा कोण देईल त्याला? माझी आई रात्रंदिवस हेच विचारते."

"कोण देणार नाही?"

"गाव देणार नाही."

"गाव म्हणजे हेच ना, तुझ्या पाठीमागे उभं आहे ते?" सायराकानने आम्हाला डावीकडून उजवीकडे पाहिलं. "मग त्यांना विचार. त्यांच्याच खांद्यावर हात टाकून आलास, आणि जाब कोर्नेईला विचारतोस होय रे?"

आता कुणी हसलं नाही. पण मागून कुणीतरी ओरडलं, "काय ऐकत बसलाय म्हातारीचं!" आणि गर्दी एका अंगाने पुढे लोटली. पुढच्यांचे पाय उंबऱ्याला लागले.

सायराकानने तंदूरमधून तीन रोट्या काढल्या, फडक्यावर घेतल्या आणि थेट आमच्या छातीशी येऊन उभी राहिली.

"एवढे पाहुणे या घराने कधी पाहिले नव्हते," ती म्हणाली. "घास मोडा."

आमच्यात कुणी रोटी पुढे केली की घास मोडावाच लागतो. निघायची घाई असो, पोट तुडुंब असो, दार वैऱ्याचं असो. अंगावरचं दूध सुटायच्या आधी हात हे शिकलेला असतो, तो डोक्याला विचारायला जात नाही. आणि घास मोडायचा उजव्या हाताने. दाताळंही उजव्याच हातात. पुढच्या रांगेतल्या ट्रॅक्टरवाल्याने दाताळं भिंतीला टेकवलं, घास मोडला, तोंडात टाकला, "बिस्मिल्ला" म्हणाला, आणि मग त्याच्या लक्षात आलं की आपण काय केलं. ज्या घरचा घास खाल्ला, त्या घरात त्या दिवशी हात उचलायचा नाही. तो तोंड बंद करून उभा राहिला, चावू की थुंकू अशा चेहऱ्याने. थुंकता तर मुळीच येत नव्हतं.

त्याच्या शेजाऱ्याने खाल्ला. त्याच्या मागच्याने खाल्ला. दाताळी भिंतीला लागत गेली. तीन रोट्या साठ माणसांत किती जाणार? माझ्यापर्यंत नखाएवढी कड आली. कोर्नेई नंतर म्हणाला, त्याच्या किताबात अशीच एक हकिकत आहे, पण तिथे रोट्या पाच होत्या. सायराकान म्हणाली, "पाच? म्हणजे बाई उधळी होती."

शेवटचा तुकडा घेऊन ती अब्दिराशितसमोर आली.

"या घरची रोटी मी खाणार नाही," तो म्हणाला.

"का? मळली मी, भाजली मी, भाजताना अल्लाचं नाव घेतलं ते मी. कुठे बाटली?"

"सरका, आपा!" म्हणून त्याने हात झटकला. तुकडा उडाला आणि कोंबड्यांच्या घाणीत पडला.

तुमच्याकडे काय पडलं तर अशी शांतता होते मला माहीत नाही. आमच्याकडे रोटी पडली तर होते. साठ माणसं, आणि नदीचं पाणी ऐकू येत होतं. त्या शांततेत मुल्ला इसाक पुढे आला. त्याचं पोट त्याला नमाजेतही नीट वाकू देत नाही, पण तो वाकला, धापा टाकत तुकडा उचलला, बाहीने पुसला, कपाळाला लावला आणि खाल्ला. घाणीसकट.

"चार वर्षांत त्यांनी तुला पुष्कळ शिकवलं असेल, पोरा," तो चावत चावत म्हणाला. "एवढं राहून गेलं."

अब्दिराशितने आमच्याकडे पाहिलं. आम्ही कुणीच त्याच्याकडे पाहिलं नाही. थोड्याच वेळापूर्वी त्याच्यासाठी आम्ही माणूस मारायला निघालो होतो. तो वळला आणि अंगणाबाहेर गेला.

मला वाटलं, संपलं, आता घरी जावं. पण सायराकान म्हणाली, "ज्यांनी घास खाल्ला ते माझे पाहुणे. आणि माझ्या घरात एका पाहुण्याचं रक्त थांबत नाहीये. तुमच्यापैकी गाडी कुणाची आहे?"

अठ्ठावन्न माणसांनी माझ्याकडे पाहिलं.

"बंद आहे," मी म्हणालो.

"सकाळी चालत होती."

"सकाळी चालली म्हणूनच दमलीय."

"कालमात," ती हळू म्हणाली. ती हळू बोलली की मी काय, माझी गाडीसुद्धा घाबरते. मी गाडी आणली.

ज्यांनी पुलावर त्याला पाडलं होतं त्यांच्यातल्याच चौघांनी कोर्नेईला उचलून मागच्या सीटवर ठेवलं. एर्निस त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसला. सायराकान पुढे, माझ्या शेजारी. गल्लीच्या तोंडाशी आलो तर रस्त्यात अब्दिराशित उभा. त्याच्याबरोबर पाचसहा पोरं, उशिरा आलेली, उपाशी.

"चालव," सायराकान म्हणाली.

"तो हलत नाहीये."

"माणूस आहे तो, डोंगर नाही. चालव."

मी गाडी मुंगीच्या पावलाने सोडली. पुढचा पत्रा त्याच्या गुडघ्यांना टेकला तेव्हा थांबलो. सायराकानने काच खाली केली आणि डोकं बाहेर काढलं. "अब्दिराशित! तुझ्या आईने विचारलं तर तिला काय सांगशील? कुठे पुरू म्हणून रडत होतास, आणि आता जिवंत माणसाची वाट अडवून उभा आहेस. त्याला जाऊ दे. मग भाऊ तुझा, बोलणं तुझं, हवं तेवढं बोल त्याच्याशी."

मागून एर्निस म्हणाला, "दादा, बाजूला हो ना." एवढंच. त्यात राग नव्हता, लहानपणी वाट मागायचा तसा म्हणाला.

अब्दिराशितने काचेतून त्याचे हात पाहिले. मनगटापर्यंत लाल होते. तो बाजूला झाला. त्याच्या पोरांपैकी कुणीतरी दगड मारला, मागची काच आत आली. "थांबू नकोस," सायराकान म्हणाली, आणि मी थांबलो नाही. मोठ्या रस्त्याला लागल्यावर ती मागे वळली आणि कोर्नेईच्या अंगावरचे काचेचे तुकडे एकेक करून वेचायला लागली.

इस्पितळात चौदा टाके पडले, खांद्याचं हाड मोडलेलं निघालं. डॉक्टरने पोलिसाला बोलावलं. पोलीस तरुण, मिशीसुद्धा सरकारी वाटावी असा. त्याने बाकावर बसून कागद काढला.

"मळणीच्या यंत्रावरून पडला असं लिहितो," तो म्हणाला. "सगळ्यांनाच सोयीचं."

"आणि यंत्राने त्याला शिव्याही दिल्या असतील?" सायराकान म्हणाली.

"आपा, मी तुमच्या भल्यासाठी सांगतो. नावं दिलीत तर साठ घरं तुमच्यावर उठतील. राहायचं तुम्हाला त्याच गावात. उद्या तुमच्या मयताला तरी कोण येईल?"

"मी मेलेली असेन. कोण आलं, कोण नाही, मला काय मोजायचंय? लिही."

तिने नावं सांगायला सुरुवात केली. आधी अब्दिराशित. मग ट्रॅक्टरवाला. मग स्वतःचा सख्खा पुतण्या, बापाच्या नावासह, जरा मोठ्याने. पोलिसाने दोनदा लेखणी थांबवली, ती दोन्ही वेळा त्याच्या लेखणीकडे बघत बसली. तेवीस नावं झाली. मग ती थांबली. माझ्याकडे वळलीही नाही.

"याचं हा सांगेल," म्हणाली.

आयुष्यभर मी तोंड उघडलं की गोष्ट बाहेर पडायची. त्या दिवशी काहीच पडेना.

"कालमात," मी म्हणालो. "उस्मानकुलचा मुलगा. हातात दाताळं होतं. पुलावर एकदा मारलं. पाठीत. तो खाली पडलेला होता."

पोलिसाने लेखणी खाली ठेवली. "आबा, तुम्ही कशाला? तुमचं वय झालं, तुम्हीच तर गाडीतून आणलंत त्याला. तुमचं नाव राहू द्या."

"लिही," मी म्हणालो. "माझं राहू दिलंस की उरलेली तेवीसही राहू देशील. मी ओळखतो तुला, तुझ्या बापालाही ओळखत होतो."

त्याने लिहिलं. मी अंगठा नाही, पूर्ण सही केली. लिहिता येतं मला.

बाहेर आलो तर उन्हं उतरली होती. एर्निस कोर्नेईजवळ थांबला. मागची काच नसलेल्या गाडीत सायराकान पुढे बसली आणि दार आपटलं.

"तू मारलंस ते मी विसरणार नाही," ती म्हणाली. "पण परत जायला दुसरी गाडी नाही. चल."

"मागच्या रस्त्याने घेऊ? गाव अजून जागं असेल."

"मशिदीसमोरून घे," सायराकान म्हणाली. "आणि हळू चालव."